मैत्रीण मरते त्या कादंबऱ्या

वयात येणाऱ्या मुलीची कादंबरी असली आणि तिच्यात मैत्रीण किंवा बहीण आजारी पडली, की मी पुस्तक मिटते. पुढे काय होणार ते मला ठाऊक असतं. आजारी मुलगी गोड हसणार, खिडकीतून आभाळ बघणार, दोन शहाणपणाची वाक्यं बोलणार आणि मरणार. मग नायिका थोडे दिवस रडणार आणि शेवटच्या प्रकरणात मोठी होणार. लोक मला म्हणतात, तुम्ही इतकं वाचता आणि एवढ्याशा कारणासाठी पुस्तक टाकून देता? देते. हे मत माझं एकटीचं नाही. निम्म्याहून अधिक ते माझ्या ताईचं आहे, आणि तिनं ते जयपूरला, तिलक नगरातल्या आमच्या घराच्या व्हरांड्यात, खाटेवर पडल्या पडल्या बनवलं होतं.

वडील केंद्र सरकारच्या हिशेब खात्यात होते. पन्नासचं दशक संपत आलं होतं तेव्हा त्यांची बदली जयपूरला झाली. मी दहा वर्षांची होते, ताई चौदाची. त्याआधीही आम्ही उत्तरेतच फिरत होतो. घरात सांगलीकडचं मराठी आणि बाहेर सगळी हिंदी. ताई लहानपणी सांगलीला आत्याकडे राहून मराठी शाळेत शिकली होती, त्यामुळे तिचं वाचन खणखणीत. मी मात्र हिंदी शाळेतली. अक्षरं तीच, पण मराठी पान समोर आलं की मी बैलगाडीसारखी चालायची. बोलतानाही ‘मतलब’ म्हटल्याशिवाय माझं वाक्य सुरू व्हायचं नाही. आई चिडायची. ताई म्हणायची, “असू दे गं, तिच्या मतलबला तरी मतलब आहे.”

मराठी पुस्तकं मिळायची ती फक्त एका ठिकाणी. दोन गल्ल्या पलीकडे बँकेतल्या एका अधिकाऱ्यांचं मराठी बिऱ्हाड होतं. त्या बाई दर उन्हाळ्यात पुण्याला माहेरी जाऊन येताना ट्रंकभर कादंबऱ्या आणत आणि काचेच्या कपाटात लावून ठेवत. आम्ही त्यांना कपाटवाल्या काकू म्हणत असू. शाळेच्या लायब्ररीत हिंदी कादंबऱ्या होत्या, सोप्या केलेल्या इंग्रजीही होत्या. किशोरांसाठी म्हणून वेगळं पुस्तक असतं हे तेव्हा आम्हाला माहीत नव्हतं. ज्यात आपल्या वयाची मुलगी किंवा मुलगा असेल ते आपलं, एवढंच.

जयपूरच्या दुसऱ्या थंडीत ताईचा घसा धरला. मग ताप, मग गुडघे सुजले. ताप उतरला, गुडघे बरे झाले आणि आम्ही ते विसरूनही गेलो. पुढे काही महिन्यांनी शाळेचा जिना चढताना ती मध्येच बसायला लागली. मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी छातीला नळी लावून खूप वेळ ऐकलं, मग मला आणि ताईला बाहेर बसवलं आणि आई-वडिलांशी बोलले. हृदयाची एक झडप खराब झाली होती. शाळा बंद, जिने बंद, धावणं बंद, मीठ बंद. दर महिन्याला एक इंजेक्शन. वडिलांनी तिची खाट व्हरांड्यात आणून टाकली. तिथून मोतीडुंगरीची टेकडी दिसायची आणि सकाळी कुंपणावर मोर यायचे.

मी शाळेतून आले की काकूंकडून पुस्तक घेऊन यायचे आणि ताईच्या पायाशी बसायचे. मला वाचायला वेळ लागतो म्हणून ती मोठ्यानं वाचून दाखवायची. दम लागला की थांबायची, आणि थांबली की त्या पुस्तकावर बोलायची. ते बोलणं मला पुस्तकापेक्षा जास्त आवडायचं.

“मुलांच्या कादंबऱ्या बघ,” ती म्हणाली एकदा. “मुलगा मोठा झाला म्हणजे काय झालं? तर ट्रंक उचलून घरातून निघाला. स्टेशनवर आई रडतेय, गाडी हलली, संपलं पुस्तक. आणि मुलगी मोठी झाली म्हणजे?”

“लग्न झालं.”

“त्याच्याही आधी. गप्प बसायला लागली. पहिल्या पानावर झाडावर चढत असते, शेवटच्या पानावर पदर सावरून सगळ्यांना चहा देते. आणि लिहिणारा म्हणतो, किती समजूतदार झाली!”

मला रडवणारी पुस्तकं आवडायची. एकदा एक वाचून झाल्यावर मी डोळे पुसत म्हटलं, “मतलब, हे सगळ्यात चांगलं होतं.”

“का?”

“रडू आलं ना.”

“कांदा चिरतानाही येतं,” ताई म्हणाली.

तिला एकच पुस्तक मनापासून आवडलं होतं. त्याची पहिली पानं फाटलेली होती, त्यामुळे त्याचं नाव मला आजही ठाऊक नाही. त्यात एक मुलगी सुट्टीत मामाच्या गावी जाते आणि सायकल शिकते. मामीशी भांडते, गुडघे फोडून घेते, शेवटी सायकल येते आणि सुट्टी संपते. बस, एवढंच. मला ते फार कंटाळवाणं वाटलं. ताईनं मात्र ते तीन-चारदा मागवलं. ती म्हणाली, “या मुलीला खरंच भूक लागते बघ. बाकीच्या कादंबऱ्यांतल्या मुलींना ना भूक लागते, ना गणित चुकतं, ना कधी बाजूला बसावं लागतं. वयात येतात म्हणे! कधी येतात?”

आईच्या कानावर हे गेलं आणि ती आतून ओरडली, “काय बोलतेस गं मेले, लहान बहिणीसमोर!” आईला या कादंबऱ्या मुळीच पसंत नव्हत्या. आजारी माणसाला रडकी पुस्तकं कशाला, असं तिचं म्हणणं.

संक्रांतीला जयपुरात पतंग उडतात. सगळं शहर गच्चीवर असतं आणि ‘वो काटा’च्या आरोळ्या संध्याकाळपर्यंत थांबत नाहीत. त्या वर्षी मीही शेजारच्या मुलांबरोबर गच्चीवर गेले. ताई खाली व्हरांड्यात. मी थोड्या थोड्या वेळानं कठड्यावरून वाकून तिला सांगायची, लाल कटला, हिरवा आपला आहे. ती मान वर करून “हो का?” म्हणायची. मग एकदा वाकले तर ती माझ्याकडे बघतच नव्हती. पुस्तक छातीवर पालथं ठेवून समोर बघत होती. मी खाली आले. तिळगूळ तिच्या हातात तसाच होता.

“वर जा ना,” ती म्हणाली.

“कंटाळा आला.”

“खोटं बोलतेस. बरं, मग ऐक.” आणि तिनं वाचायला सुरुवात केली.

त्या कादंबरीत दोन मैत्रिणी होत्या. एक नायिका, अवखळ, तापट. दुसरी शांत. शांत मुलीला ताप आला तिथं ताई थांबली.

“ही मरणार,” ती म्हणाली.

“तुला कसं माहीत? तू शेवट वाचलास?”

“वाचायला कशाला पाहिजे? पहिल्यापासून नुसतं गोड बोलतेय बिचारी, तिला दुसरं कामच दिलेलं नाही. ही मरेल, मग त्या दुसरीला अक्कल येईल. आणि हिला काय मिळालं?”

मी तिच्या पायांवरचं पांघरूण सारखं केलं.

“हिला अळणी वरण कुणी देत नाही,” ताई म्हणाली. “हिचे पाय सुजत नाहीत. ही आईवर खेकसत नाही. मी किती खेकसते! आजारी मुलगी कशी असते हे त्या लिहिणाऱ्यानं कुणाला विचारलं असेल?” थोडा वेळ ती श्वास घेत पडून राहिली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, “हे बघ, मी मेले ना, तर तू उगाच शहाणी होऊ नकोस.”

मी तिच्या दंडाला जोरात चिमटा काढला आणि उठून आत गेले. ती मागून हसत होती. हसताना तिला खोकला आला.

वडिलांनी तिला मुंबईला न्यायचं ठरवलं होतं. तिथं हृदयाची ऑपरेशनं करणारे डॉक्टर आहेत असं त्यांना कुणी सांगितलं होतं. माझी वार्षिक परीक्षा झाली की निघायचं. आईनं तिच्यासाठी नवी शाल विणायला घेतली होती. पण थंडी सरता सरता एका सकाळी ताईला आडवं पडता येईना. बसूनच श्वास घेत होती, ओठ निळसर झाले होते. वडिलांनी ऑफिसची जीप आणली. जाताना तिनं मला हात केला, आणि काही सांगायला तोंड उघडलं, पण तिच्याकडे तेवढा श्वास नव्हता.

मला शेजारच्या चाचीजींकडे ठेवलं. त्या जयपूरच्याच, आमच्यावर फार जीव. त्यांनी चुलीसमोर बसवून मला बाजरीची रोटी दिली, वर तूप आणि गूळ. मला भूक लागली होती. मी एक खाल्ली, मग दुसरी मागितली. “खा बेटी, खा,” त्या म्हणत होत्या. त्यांचे डोळे धुरानं लाल झालेत असं मला वाटलं. दुसरी रोटी अर्धी झाली तेव्हा वडील फाटकाशी आले. ते आत आले नाहीत. तिथूनच म्हणाले, “चल घरी.” मी विचारलं, ताई आली का? वडिलांनी फाटकाला धरलं आणि ते खाली बसले. रस्त्यावर, धुळीत, ऑफिसच्या कपड्यांत.

त्यानंतर घरी माणसं येऊ लागली. आई भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची म्हणून मीच चहा करायची, मीच सगळ्यांना द्यायची. पहिल्या दिवसापासून माझं कौतुक सुरू झालं. किती समजूतदार झाली पोर. एकदम मोठी झाली हो. आईचा आधार झाली. मी कपबशा घेऊन आत जायची आणि मोरीत उभी राहायची. मी मोठी झाले नव्हते. मला चहा करायला येत होता, एवढंच. संध्याकाळी चारला मी अजून व्हरांड्यात जायची आणि खाट नसलेल्या जागेपाशी थांबायची.

काकूंची पुस्तकं परत करायला गेले तेव्हा त्यांनी मला जवळ घेतलं. त्या खरोखर चांगल्या होत्या. म्हणाल्या, “बाळ, दुःखानं माणूस पक्व होतं.” मला हात सोडवून पळावंसं वाटलं. ही वाक्यं ज्या पुस्तकांत होती ती सगळी त्यांच्या पाठीमागे कपाटात उभी होती.

पुढच्या वर्षी हिंदीच्या बाईंनी आवडत्या उपन्यासावर लिहून आणायला सांगितलं. मी नावडत्या उपन्यासावर लिहिलं. दोन मैत्रिणींच्या त्या पुस्तकावर, जे मी मागाहून एकटीनं संपवलं होतं. जी जगली तिला सगळं मिळालं, अक्कल, नवरा, शेवटचं पान. जी मेली तिला एक प्रकरणसुद्धा स्वतःचं मिळालं नाही, असं काहीतरी. बाईंनी मला वर्ग सुटल्यावर थांबवलं.

“ये समीक्षा नहीं है,” त्या म्हणाल्या. “ये तो शिकायत है.”

“जी,” मी म्हटलं.

त्यांनी वही मिटून माझ्या हातात दिली. “किससे है शिकायत?”

मला ते सांगता आलं नाही. आजही नीट सांगता येत नाही. लिहिणाऱ्यांशी आहे म्हणावं, तर त्यांनी माझं काय केलं होतं? पण तेव्हापासून मी वयात येणाऱ्या मुलींच्या कादंबऱ्या अधिकच वाचू लागले. मराठीही भराभर येऊ लागलं. जी मुलगी पुस्तकाच्या शेवटी होती तशीच राहिली, थोडी चुकली, थोडी वाढली, ती मला पटायची. मोठं होण्यासाठी जिला कुणाचा तरी जीव लागला, ती मला कधीच आपली वाटली नाही.

मग मी कॉलेजात गेले आणि एका उन्हाळ्यात माझ्या लक्षात आलं की मी ताईपेक्षा मोठी आहे. तिचं जे वय कधी झालंच नाही, ते माझं झालं होतं. ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. दुपारची वेळ होती, दाराला वाळ्याचा पडदा लावून मी आतल्या खोलीत वाचत पडले होते. आई फरशीवर आडवी होती. त्या वर्षांत ती फारच कमी बोलायची.

“काय वाचतेस?” तिनं विचारलं.

“कादंबरी आहे. एका मुलीची.”

“मोठ्यानं वाच की.”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मी उठून बसले, पहिलं पान काढलं. पहिलं वाक्य वाचलं तोच ती म्हणाली, “थांब. ती मुलगी जगते ना?”

मला माहीत नव्हतं. मी पुस्तकाचा शेवट उघडला आणि भराभर नजर फिरवत ती पानं चाळली.

“जगते.”

“नीट बघ.”

“बघितलं आई. शेवटी ती बाजारात भाजीवालीशी भांडतेय.”

“मग वाच.”

मी वाचत राहिले. बाहेर लूच्या गरम झळा वाहत होत्या. मध्ये तिचा डोळा लागला असं वाटून मी थांबले, तर डोळे न उघडता ती म्हणाली, “हं, पुढं?” त्या गोष्टीतल्या मुलीला घरचे परगावी शिकायला पाठवत नव्हते आणि ती जेवायची बंद झाली होती. आई एकदम हसली. किती दिवसांनी हसली होती.

“हट्टी आहे मेली,” ती म्हणाली.

पूर्वी हा शब्द तिच्या तोंडी दिवसभर असायचा. मांजर मेलं, दूध मेलं, आम्ही दोघी मेल्या. ताई गेल्यापासून मी तो तिच्याकडून एकदाही ऐकला नव्हता. तिच्याही ते लक्षात आलं. तिनं हाताचा पंजा तोंडावर दाबून धरला आणि ती कुशीवर वळली. तिची पाठ हलत होती. मी पुस्तक ठेवलं आणि तिच्या मागे फरशीवर, तिला लागून आडवी झाले. बऱ्याच वेळानं तिनं मागे हात नेला, माझं मनगट चाचपून धरलं आणि म्हणाली, “वाच गं. काय झालं मग तिचं?”