दिवे बंद होते तेव्हा

बाळाचे डोळे वर गेले, हातपाय ताठ झाले, आणि मी घाबरून खोलीतला दिवा लावला. लढाईचे दिवस होते, विमानातनं उजेड दिसू नये म्हणून संध्याकाळी सातला सगळ्यांनी दिवे बंद करायचे असं गल्लीनं ठरवलेलं. एरवी नळाला पाणी आठवड्यानं यायचं आणि मराठी-कानडी बायकांची तिथं जुंपायची, पण शत्रू आला म्हटल्यावर दोन्हीकडच्या एकाच टीव्हीपुढं बसून एकाच ताटातली भजी खायला लागल्या होत्या. आता सगळी गल्ली मिळून माझ्यावर ओरडली, "ए, बंद कर तो दिवा, सगळ्यांना मारतीस काय!" शेजारची कानडी अक्का, नळावरनं भांडून वर्षभर माझ्याशी न बोललेली, शिव्या देतच आत शिरली, बाळाला बघितलं आणि चुलीकडं धावली. कांदा फोडून त्याच्या नाकाला लावला, ओलं फडकं अंगावर टाकलं, आणि खिडकीतनं गरजली, "लाइट इरली!" दिवा राहू दे म्हणाली. मग कुणीतरी रिक्षा आणली, दवाखान्यापर्यंत बाळाला तिनंच मांडीवर धरलं. वाचलं माझं बाळ. लढाई थांबली, पाणी आलं, तर त्याच अक्कानं माझी घागर पायानं मागं सरकवली, "मराठी मंदी मागनं!" म्हणजे मराठी माणसांनी मागनं भरायचं. आजपण कांदा फोडला की तो वास येतो, आणि पाण्याच्या दिवशी मी मागंच उभी असते. भांडायला तोंड उघडलं की तिची मांडी आठवती. दमले बघा मी. तुम्ही असता तर घागर पुढं घेतली असती काय वो?