खैरमाळचा राहिलेला सामना

राज्य गेलं की त्याच्याबरोबर काय काय गेलं, याची यादी कारकून करतो. जव्हार संस्थान अठ्ठेचाळीस साली मुंबई राज्यात विलीन झालं, तेव्हाही अशी यादी झाली. घोडे, मोटारी, टेबलं, खुर्च्या, समया. तिच्यात कुठेतरी खाली एक ओळ होती: फुटबॉल, चामडी, नग सहा. पाच नग जमा झाले. सहावा सुकऱ्याने दिला नाही.

सुकऱ्या खैरमाळचा. खैरमाळ म्हणजे संस्थानच्या हद्दीचं शेवटचं टोक, ओहोळाच्या पलीकडे मोखाड्याचा इंग्रजी मुलूख. तीसेक झोपड्या, नाचणी-वरईची उतारावरची शेतं, आणि उन्हाळ्यात वाटीवाटीने भरावं लागणारं झऱ्याचं पाणी. सुकऱ्या जंगलात लाकूड तोडायचा. कुणा साहेबाची शिकार निघाली की त्याला वेठीला जावं लागे. वेठ म्हणजे फुकटची हमाली. पेट्या डोक्यावर घ्यायच्या, चढ चढायचा आणि मजुरीचं नाव काढायचं नाही. माणसं गोळा करायला देवराम पोलीस यायचा. उंचापुरा, मिशाळ, आणि आवाज असा की रडतं पोर गप्प व्हावं. सुकऱ्याने त्या आवाजाला कधी उलट उत्तर दिलं नव्हतं.

हाच देवराम पोलिसांच्या फुटबॉल संघाचा कप्तान होता.

संस्थानात तेव्हा फुटबॉलची साखळी स्पर्धा चाले. जव्हारकरांच्या लेखी ती देशातली अव्वल साखळी, कारण देश म्हणजे जव्हार. पोलीस, जंगलखातं, शाळा, राजवाडा आणि पेठ असे पाच संघ ठरलेले. सहाव्या जागेवर शाळेच्या एका मास्तरांनी खटपट करून खैरमाळच्या लाकूडतोड्यांना बसवलं. ही अनवाणी माणसं गवताचा चेंडू बांधून खेळताना त्यांनी पाहिली होती. लोक हसले. मास्तरही कच्च्या गुरूचे चेले नव्हते, त्यांनी नियमांचं पुस्तक पुढे केलं. प्रत्येकाने प्रत्येकाशी दोनदा खेळायचं, एकदा त्यांच्या मैदानात, एकदा आपल्या. जिंकलं तर दोन गुण, बरोबरी झाली तर एक; शेवटी ज्याचे गुण जास्त, त्याला दरबारची ढाल. ज्याचं मैदान त्याने पाहुण्यांसाठी दोन हंडे पाणी ठेवायचं. प्रत्येक संघाला दरबारचा एक चेंडू मिळेल, तो हंगाम संपल्यावर परत करायचा. पुस्तकात पायांच्या रंगाबद्दल काही लिहिलेलं नव्हतं.

त्या हंगामात खैरमाळने जंगलखात्याला धुतलं, पेठेला रडवलं. पण सुकऱ्याच्या मनात घर करून राहिला तो जव्हारचा सामना, पोलिसांशी. देवराम चेंडू घेऊन सुटला होता. सुकऱ्या आडवा गेला, चेंडू काढून घेतला आणि देवराम तोंडावर पडला. सुकऱ्याने मान खाली घातली आणि वाट पाहिली. मास्तर पंच होते. शिट्टी वाजली नाही. देवराम उठला, मिशीतली माती झटकली आणि खेळायला लागला. पोलिसाला पाडलं आणि काही झालं नाही! सामना बरोबरीत सुटला, पण सुकऱ्या घरी गेला तो छाती पुढे काढूनच.

नऊ सामने झाले तेव्हा खैरमाळचे पंधरा गुण होते, पोलिसांचे चौदा. शेवटचा सामना या दोघांचाच, खैरमाळवर, शिमग्यानंतरच्या रविवारी. खैरमाळला नुसती बरोबरी पुरणार होती. आणि त्या रविवारच्या आधी संस्थानच संपलं.

मास्तर चढ चढून सांगायला आले. साखळी रद्द, पोलीस आता मुंबई सरकारचे, त्यांना खेळायला मनाई आहे. पाड्यावरच्यांना वेठ गेल्याचा आनंद झाला होता. तो सुकऱ्यालाही झाला. पण साखळीचं त्याला पटेना. त्याने मैदानावर राबाच्या, म्हणजे शेतात जाळलेल्या पाल्याच्या, राखेने रेघा मारल्या, बांबूचे खांब रोवले. त्याच्या बायकोने, भागीने, दोन हंडे पाणी भरून जांभळीच्या सावलीत ठेवलं. अकरा जण उभे राहिले. पोलीस आले नाहीत. नियमाप्रमाणे अर्धा तास थांबून सगळे घरी गेले.

मग शिपाई आला चेंडू मागायला. सुकऱ्या म्हणाला, हंगाम संपला की देऊ. शिपाई दुसऱ्यांदा आला तेव्हा त्याला नाचणीची भाकर मिळाली, चेंडू नाही. तिसऱ्यांदा सुकऱ्यालाच कचेरीत बोलावलं. तिथला अंमलदार नवा होता आणि स्वभावाने बरा होता. राजा गेल्याचं दुःख झालंय का, असं त्याने विचारलं.

"राजा गेला त्याचं आमाला काय नाय," सुकऱ्या म्हणाला. "आमचा खेळ राहलाय."

अंमलदाराने मास्तरांना बोलावून सगळी हकिकत ऐकली आणि तोडगा काढला. समोरचा संघ आला नाही, म्हणजे नियमाने खैरमाळ विजयी. तसा कागद सही-शिक्क्यासह देतो, चेंडू ठेव आणि जा. मास्तरांचे डोळे चमकले. घे रे, ढाल तुमची झाली, असं त्यांनी सुकऱ्याच्या कानात सांगितलं.

"दिलेलं नको," सुकऱ्या म्हणाला. "देवराम जमादाराला मैदानात येऊं द्या. तो हरवल तर हरवल."

अंमलदाराने कपाळाला हात लावला. या माणसाला कोठडीत घालावं तर गुन्हा काय लिहायचा, हा प्रश्न होता. चेंडू सुकऱ्याकडेच राहिला.

पुढे दर वर्षी शिमग्यानंतरच्या रविवारी तोच प्रकार. राखेच्या रेघा, बांबूचे खांब, दोन हंडे पाणी, अर्धा तास उभं राहणं. मोखाड्याच्या बाजारात लोक विचारायचे, काय सुकऱ्या, संपला का तुझा खेळ? तो सांगायचा, अजून नाय. भागी सुरुवातीला चिडायची. फाल्गुनात दोन हंडे भरायला तिला अर्धी रात्र झऱ्याशी बसावं लागे, आणि ते कुणासाठी, तर न येणाऱ्या पोलिसांसाठी. चौथ्या वर्षी तिने साफ नकार दिला. सुकऱ्या स्वतः हंडा घेऊन झऱ्याकडे निघाला. वाटेत बायका फिदीफिदी हसल्या, तेव्हा भागीने तो हंडा त्याच्या हातातून हिसकावला. माझ्या माणसाला मी हसेन, तुम्ही कोण हसणाऱ्या, असं तिने सगळ्यांना सुनावलं. त्यानंतर तिने कधी तक्रार केली नाही.

चेंडू आढ्याला टांगलेला असे. सुकऱ्या त्याला खुरासणीचं तेल चोळायचा. चामडं टिकलं, आतला रबरी फुगा मात्र कुजला. पुढच्या फळीत खेळणारा जिव्या तापाने गेला. इतरांचे केस पिकू लागले. पाड्यातली नवी पोरं या उभं राहण्याला देवाचाच काहीतरी विधी समजायची.

पंचावन्न सालच्या त्या रविवारी उन्हं कलताना चढावर माणसं दिसली. पुढे देवराम. पोट सुटलेलं, मिशा पांढऱ्या. महिन्यापूर्वी तो नोकरीतून सुटला होता, आणि डहाणूपासून जव्हारपर्यंत फिरून त्याने जुने गडी गोळा केले होते. मास्तरांनाही शिट्टीसकट उचलून आणलं होतं.

"सात वर्षं लोक म्हणतात, देवराम घाबरून आला नाही," तो धापा टाकत म्हणाला. "मला हुकूम नव्हता रे. आता मला हुकूम करणारा कुणी नाही."

त्याने खिशातून नवा रबरी फुगा काढून सुकऱ्याच्या हातावर ठेवला. सुकऱ्याने आढ्याचा चेंडू काढून आणला.

खैरमाळचे दहाच उभे होते. जिव्याच्या जागी दुसरा घ्यायला सुकऱ्या तयार नव्हता; हंगाम तेव्हाचा, तर माणसंही तेव्हाचीच. देवरामने आपलाही एक गडी बाहेर बसवला.

खेळ कसला, म्हाताऱ्या बैलांची झुंज. धावणं कमी, धापा जास्त. पण कुणी पाय मागे घेतला नाही. सुकऱ्याच्या अंगठ्याचं नख उखडलं, तो तसाच खेळला. एकाही बाजूने गोल होईना. बरोबरी म्हणजे ढाल खैरमाळची, हे आता सगळ्यांना आठवलं. बायकासुद्धा झऱ्याची वाट सोडून रेघेवर येऊन उभ्या राहिल्या.

शेवटची पाच मिनिटं उरली असताना चेंडू देवरामकडे आला. समोर एकटा सुकऱ्या. तो आडवा गेला, अगदी तसाच. या वेळी देवरामने चेंडू उजवीकडे दाखवला आणि डावीकडून काढला. सात वर्षं त्यानेही दुसरं काही केलं नसावं. सुकऱ्या मातीत पडला आणि चेंडू बांबूच्या मधून गेला.

उरलेली मिनिटं तशीच गेली आणि मास्तरांनी शेवटची शिट्टी वाजवली. पोलीस सोळा, खैरमाळ पंधरा.

मास्तर रडले. जवान पोरांचे चेहरे पडले. एक जण सुकऱ्याला तोंडावर बोलला, तेव्हाच तो कागद घेतला असता तर! सुकऱ्याने त्याच्याकडे पाहिलंही नाही. देवरामने हात पुढे केला. माणसं वेठीला धरून नेणारा तो हात धरून सुकऱ्या उठला आणि हसला. हरल्याचं दुःख त्याला झालं, खूप झालं. पण ते कुणी दिलेलं नव्हतं, त्याचं स्वतःचं होतं. भागीने हंड्यातलं पाणी वाटीने पोलिसांना दिलं. सगळं संपेपर्यंत ती देत राहिली.

दोन दिवसांनी सुकऱ्या पहाटे निघाला आणि लंगडत जव्हारच्या कचेरीत पोचला. चेंडू टेबलावर ठेवून त्याने पावती मागितली. कारकून पोरसवदा होता, त्याला त्या यादीचा पत्ताही नव्हता. त्याने चेंडू फिरवून बघितला.

"कुणी दिला होता हा?"

"दरबारने."

"दरबारने? अरे, दरबार जाऊन सात वर्षं झाली. परत कधी करायचा होता?"

"खेळ संपल्यावर," सुकऱ्या म्हणाला. "परवा संपला."