बाप्पा पॅन्ट्रीत

देवाला, साहेबाला आणि स्वतःच्या मनाला एकाच वेळी खूश ठेवायचा हट्ट धरणारा दुसरा माणूस अख्ख्या ऑस्ट्रेलियात नसेल. हा माझ्या बायकोचा मावसभाऊ. ट्रुगानिना या उपनगरात आमच्या पलीकडच्याच रस्त्यावर राहतो. लॉकडाउनमध्ये त्याचं ऑफिस घरी आलं आणि थेट देवघरासमोर बसलं, कारण वायफाय तिथेच नीट मिळायचं. तेव्हापासून प्रत्येक मेल आधी बाप्पाला दाखवून मगच जायची. टॉयलेट पेपरसाठी मारामारी चालली होती त्या दिवसांत माणशी एकच पॅक मिळायचा. याच्या ट्रॉलीत चुकून दोन आले, बिलही झालं. घरी आल्यावर लक्षात आलं, तर पठ्ठ्या एक परत करायला पुन्हा त्या लांबलचक रांगेत उभा! काउंटरवरची मुलगी म्हणाली, "नो वरीज, मेट." "वरीज आहेत ना!" असं तिला मराठीत सुनावून हा पॅक तिथेच ठेवून आला.

असा माणूस मॅनेजरच्या जागेसाठी उभा राहिला. इंटरव्ह्यूच्या आदल्या दिवशी आम्ही मास्क लावून, अंतर राखून फिरायला निघालो.

"सिस्टिम बंद पडली होती ना, ती लिनने सुरू केली," तो म्हणाला. लिन म्हणजे त्याच्या हाताखालची व्हिएतनामी मुलगी. "साहेबांना वाटतंय, मीच केली. मी गप्प बसलो तर ते खोटं बोलणं होईल का रे?"

"नाही. गप्प बस."

"पण बाप्पा समोर असतो."

"मग त्याला तासभर आत नेऊन ठेव!" मी वैतागून म्हणालो.

त्याने ते शब्दशः घेतलं. देवघरासमोरच लॅपटॉपवर इंटरव्ह्यू रंगात आला, साहेब त्या सिस्टिमचं तोंडभर कौतुक करू लागले, हा मान खाली घालून गप्प. तेवढ्यात स्वयंपाकघरातून त्याची बायको ओरडली, "अरे, बाप्पाला पॅन्ट्रीत कांद्यांशेजारी कुणी ठेवलं?" साहेबांना मराठीचं अक्षर कळत नव्हतं, म्हणजे निभावून न्यायची पूर्ण सोय होती. त्यांनी फक्त विचारलं, "एव्हरीथिंग ओके?" झालं! याने लिन, बाप्पा, कांदे, सगळं इंग्रजीत सविस्तर सांगून टाकलं.

जागा लिनला मिळाली. त्या संध्याकाळीही तो नेहमीसारखा फिरायला आला.

"बाप्पाशी भांडलास की नाही?" मी विचारलं.

"कुठल्या तोंडाने भांडू? कांद्यांशेजारी मीच ठेवला होता त्याला." थोडं चालून तो थांबला. "पण ती जागा मला हवी होती रे. खूप हवी होती."

मग चष्मा काढून तो शर्टाच्या टोकाने पुसू लागला. "मास्कमुळे सारखी वाफ येते."

"हो ना," मी म्हणालो, आणि त्याचा चष्मा पुसून होईपर्यंत शेजारच्या कुंपणाकडे बघत राहिलो.