खंडेनवमीचा नवा कर्नल

चाकणच्या एका कंपनीत मी कम्प्युटरवाला होतो, तोही कच्चा. मला कायम करायचं की नारळ द्यायचा, हे साहेब लेबल छापणाऱ्या कम्प्युटरवरून ठरवणार होते. मी त्याची सिस्टिम अपग्रेड करायची आणि दसरा झाल्यावर पहिल्या शिफ्टला लेबल निघालंच पाहिजे. लेबलाशिवाय मालाची गाडी गेटबाहेर जात नाही.

कर्नल म्हणजे कम्प्युटरच्या आतला मुकादम. तो बदलला की हाताखालची अवजारं, म्हणजे ड्रायव्हर, तीही त्याच्याशी जुळती करून घ्यावी लागतात. हे मला ठाऊक होतं हो! पण प्रिंटरचं जुनं अवजार चालेल की, त्याला काय धाड भरलीय, असं म्हणून मी खंडेनवमीला नवा कर्नल चढवला. त्या दिवशी मशिनी बंदच असतात. आता फक्त कम्प्युटर बंद-चालू करायचा आणि जुना कर्नल पुसून टाकायचा. म्हटलं, आधी चहा मारून येऊ.

परत येतो तर कम्प्युटरला झेंडूचा हार, कपाळावर हळदकुंकू, आणि समोर आमचे फोरमन मामा हात जोडून उभे. मामा तिथल्याच गावचे, जुन्या वळणाचे. मी बटणाकडे हात नेला, तर त्यांनी मनगटच धरलं.

"पूजा झाली. आता हत्याराला हात न्हाई लावायचा."

रीबूट, साहेब, माझी नोकरी, सगळं सांगून झालं. मामांनी मनगट सोडलं नाही. माझं डोकंच फिरलं. काळेवाडीला घरी जाऊन दुसऱ्या दिवशीच्या श्रीखंडावरही राग काढला.

दसरा झाल्यावर सकाळी हार उतरवला, बटण दाबलं. नवा कर्नल झोकात उठला, पण प्रिंटर ओळखच दाखवेना. त्याचं अवजार जुन्या कर्नलपुरतंच बनवलेलं. बाहेर गाडीवाला हॉर्न देतोय, मागे साहेब उभे. आणि एकदम आठवलं, अरे, जुना पुसायचा राहिलाय की! पुन्हा चालू करून सुरुवातीला दिसणाऱ्या यादीतून जुना कर्नल निवडला आणि लेबल सुरसुरत बाहेर आलं.

पुढच्या गुरुवारी, आमच्या सुट्टीच्या दिवशी, ते अवजार नव्या कर्नलसाठी नीट बांधून घेतलं. महिन्याभरात कायम झाल्याचं पत्र आलं. पेढे घेऊन पहिला मामांकडे गेलो. तुम्ही मनगट धरलं नसतं तर मी घरी बसलो असतो, हे कबूल करताना लाज वाटली. मामांनी पेढा घेतला नाही.

"आदी त्याला ठिव."

कोणी बघत नाही ना, हे मी दोनदा पाहिलं आणि पेढा कीबोर्डपुढे ठेवला.