कालवफोड्या बघायला गेलो तेव्हा

काळजी करण्यात माझा हात कोणी धरणार नाही. घरातून निघताना मी गॅस तीनदा बघतो, कुलूप चारदा ओढतो आणि स्टँडवर पोचलो की बायकोला विचारतो, "कुलूप लावलं ना आपण?" गेल्या डिसेंबरात आम्ही तिघं चार दिवस गुहागरच्या बाजूला पक्षी बघायला गेलो, तेव्हा माझ्या पिशवीत तापाच्या गोळ्या, पट्ट्या, दोन टॉर्च, एक शिट्टी आणि आमसुलांची डबी होती. शिट्टी कशाला, असं बायकोनं विचारलं. मी म्हटलं, असू दे.

मी नोकरीला मुंबईत. बायको आणि दहा वर्षांची मुलगी आमच्या गावी, संगमेश्वरपासून बरंच आत. गणपतीला, शिमग्याला आणि रजा मिळाली तर नाताळात मी गावी येतो. वाडीतली पोरं बापाला अरे-तुरे करतात, माझी मुलगी मला अहो-जाहो करते, घरी आलेल्या पाहुण्याला करावं तसं. मला ते लागतं, पण बोलून दाखवलेलं नाही. तिला पक्ष्यांचं वेड कुठून लागलं कोण जाणे. फोनवर तिच्याशी दुसरं काय बोलावं ते सुचायचं नाही, म्हणून मी आपला पक्ष्यांचंच विचारत राहायचो. एकदा बोलून गेलो, "नाताळात समुद्रावर नेतो. काय काय बघायचंय ते लिहून ठेव."

तिनं वहीचं पान भरलं. वेळणेश्वरला काकण घार. गुहागरच्या वाळूच्या पुळणीवर कुरव आणि सुरय. खाडीच्या तोंडाशी कालवं फोडून खाणारा कालवफोड्या, आणि कालवफोड्याच्या खाली दोन रेघा. हे चार दिवस तिला आवडले पाहिजेत, एवढं एकच माझ्या डोक्यात होतं. आवडले तर पुढच्या खेपेला ती स्टँडवर मला घ्यायला येईल, असंही मी मनात धरून बसलो होतो.

पहिल्याच दिवशी माती खाल्ली. वेळणेश्वरला एका माडाच्या शेंड्यावर मोठा पक्षी बसलेला दिसला. "ती बघ काकण घार!" मी ओरडलो. मुलीनं दुर्बीण लावली आणि हळूच म्हणाली, "ही साधी घार हाय, बाबा. काकण घारीचं पोट पांढरं असतं."

बरोबर तिचंच होतं. पण शेजारी चार अनोळखी माणसं उभी होती, त्यातलं कोणीतरी हसलं आणि मी उखडलो. "एवढं कळतं तर बघ तुझं तू!" दुर्बीण तिनं गळ्यातून काढून आईकडे दिली. मग मीच आइस्क्रीम आणलं, आणि सूर्य बुडाल्यावर पश्चिमेला चंद्राची बारीक कोर दाखवली. ती हसली. मला वाटलं, मिटलं.

त्या संध्याकाळी आम्ही खाडीजवळच्या एका गावात उतरलो. घरमालकांनी बंद असलेली मागची खोली आमच्यासाठी उघडून, झाडून दिली होती. भिंतीवर गणपतीचं मोठं चित्र असलेलं कॅलेंडर होतं, डिसेंबरचं पान वर. ते बघून मला स्फुरण चढलं. ऑफिसातल्या एका अलिबागकडच्या माणसानं मला भरतीचा हिशोब शिकवला होता: तिथीला पाऊण तासानं गुणायचं, येईल ती पूर्ण भरतीची वेळ, त्यात सहा तास मिळवले की पूर्ण ओहोटी. मी कॅलेंडरवर उद्याच्या तारखेवर बोट ठेवलं. वद्य अष्टमी. "आठ पाऊणे सहा. सहाला भरती, बाराला ओहोटी. म्हणजे सकाळी गेलो की बारापर्यंत पाणी मागे मागेच जाणार." बायको माझ्याकडे बघतच राहिली. आमच्या सात पिढ्या भातशेतीतल्या, समुद्र आम्हाला यात्रेपुरता माहीत. मुलगी कॅलेंडरकडे बराच वेळ बघत होती. शिकतेय, असं मला वाटलं.

सकाळी साडेआठला खाडीच्या तोंडाशी पोचलो. किनारा आणि मधला वाळूचा पट्टा यांच्यामध्ये घोट्याएवढं पाणी होतं. बायको पिशवी घेऊन सुरूच्या सावलीत बसली, आम्ही दोघं पलीकडे गेलो. डाव्या हाताला खडपाच्या कातळावर एक बाई कोयत्यानं कालवं काढत होती, आणि तिच्यापासून जरा लांब, ओल्या वाळूवर, सात-आठ कालवफोडे! काळे-पांढरे, लांब लाल चोच. मुलीनं माझं मनगट घट्ट धरलं आणि सोडायची विसरली.

तासभर आम्ही उकिडवे बसून होतो. ती वहीत लिहीत होती, मी डास, ऊन, तिची उघडी पावलं, शिंपल्यांच्या धारा या सगळ्याची काळजी करत होतो. मग ती कुजबुजली, "बाबा, ते जवळ येतायत." खरंच येत होते. कालवफोडे, त्यांच्यामागून बारके तुतवार, सगळे आमच्याकडे सरकत होते. आपण हललो नाही म्हणून आले, असं मी तिला सांगितलं. ती माझ्या गुडघ्याला टेकून बसली. इतकं बरं मला त्या वर्षात वाटलं नव्हतं.

मध्येच कालवंवाली बाई टोपली उचलून निघून गेली. किनाऱ्यावर बायको उभी राहून हात हलवत होती; मीही हात हलवला. मग वाऱ्यावरून शिट्टी ऐकू आली आणि माझं टाळकं सरकलं. पक्षी उडवते की काय ही!

"बाबा," मुलगी म्हणाली, "मघाशी तो दगड उघडा होता."

"अगं, बारापर्यंत ओहोटी आहे. सांगितलं ना तुला?"

ती पुन्हा दुर्बिणीतून बघायला लागली. थोड्या वेळानं सगळे पक्षी एकदम उठले आणि लांब निघून गेले. मी मागे वळून बघितलं. आम्ही आलो ती घोट्याएवढ्या पाण्याची वाट राहिलीच नव्हती. पक्षी आमच्याकडे येत नव्हते. पाणी त्यांना आमच्याकडे ढकलत होतं.

अकरा वाजायला आले होते. मुलीला पोहता येत नाही, मलाही नाही. तिचा हात धरून मी सरळ पाण्यात शिरलो. चार पावलांत पाणी माझ्या मांडीपर्यंत आलं, तिच्या कमरेच्या वर, आणि पायाखालची वाळू सरकायला लागली. तिनं वही आणि दुर्बीण डोक्यावर धरली होती. रडत नव्हती. रडली असती तर मला धीर देता आला असता.

"ओ! सरळ येव नका! तितं पान्याची धार हाय!" कालवंवाली बाई किनाऱ्यावरून धावत येत होती. "मागं फिरा! वरनं या, खडपाच्या अंगानं!"

आम्ही फिरलो. ती लुगडं खोचून पाण्यात आली, अर्ध्या वाटेत मुलीची दुर्बीण स्वतःच्या गळ्यात अडकवून, वही कमरेला खोचून तिचा दुसरा हात धरला, आणि दगड चाचपत आम्हाला बाहेर काढलं. बाहेर आल्यावर तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "आज चवथ नाय? नवाला पानी परतला. पोरीला घेवन तितं काय करताव?" बायको धावत आली. पाणी किती होतं, असं तिनं विचारलं, तेव्हा मुलगीच म्हणाली, "गुडघ्यापर्यंत." तिचा फ्रॉक छातीपर्यंत भिजलेला होता.

खोलीवर आलो. ओले कपडे न बदलता मी आधी कॅलेंडरपाशी गेलो. अष्टमीच लिहिलेली होती. मग वर, चित्राच्या खाली बारीक अक्षरात छापलेलं वर्ष वाचलं. कॅलेंडर मागल्या वर्षाचं होतं. डिसेंबर संपला, खोली बंद झाली, आणि शेवटचं पान देवाच्या चित्रासकट तसंच राहिलं. आदल्या संध्याकाळी मी स्वतः पोरीला पश्चिमेची कोर दाखवली होती. वद्य सप्तमी-अष्टमीला चंद्र उगवतो तोच मध्यरात्री, संध्याकाळी कोर दिसायचीच नाही; पण माझं सगळं लक्ष गुणाकाराकडे.

मुलगी टॉवेल गुंडाळून माझ्यामागे येऊन उभी राहिली. तिनं तारखेवर बोट ठेवलं. "आज शनिवार हाय ना? हितं शुक्रवार हाय."

"तुला कधी दिसलं?"

"काल. तुमी हिशोब सांगत होता तेव्हाच."

"मग बोलली का नाहीस?"

ती माझ्याकडे न बघता वहीची ओली पानं एकेक सुटी करत राहिली.

"तुमी चिडला असता," ती म्हणाली. "आन् चारच दिवस असता तुमी."