सतरा नंबर प्लॉटचं टोकन

माझं शिक्षण चौथीपर्यंत. अक्षर वेडंवाकडं आहे आणि वेलांटी कुठं पहिली, कुठं दुसरी हे मला अजून नीट कळत नाही. कोणी हे वाचलंच तर तेवढं सांभाळून घ्यावं. चार माणसांत मला तोंडानं सांगता येत नाही, म्हणून लिहिते.

वनिताताई ऑफिसात आल्या तेव्हा मी फरशी पुसत होते. त्यांनी चप्पल दाराबाहेर काढली आणि सरळ माझ्याकडं आल्या.

"मावशी, तुम्हीच म्हणल्त्या ना, एनए झालंय म्हणून? बँकवाला म्हणतो, न्हाई झालेलं."

मी फडकं बादलीत टाकलं. म्हणाले होते. माझ्याच तोंडानं म्हणाले होते.

आधी माझं काम सांगते. जालन्यात एमआयडीसीच्या पुढं आमच्या शेठचं प्लॉटिंगचं ऑफिस आहे. प्लॉटिंग म्हणजे शेत घ्यायचं, मधून रस्ते सोडायचे, तुकडे पाडायचे आणि ते घरासाठी विकायचे. मी तिथं झाडलोट आणि चहापाण्याला लागले. दर रविवारी साइट व्हिजिट असते. गिऱ्हाइकांना टेंपोत बसवून जागा दाखवायला न्यायचं, नाश्ता आपल्याकडून. पुरुष उतरून शेठसोबत फिरायचे आणि बाया टेंपोतच बसून राहायच्या.

एक दिवस शेठ म्हणाले, "मावशी, तुम्ही बी चला. लेडीजला जरा बोलत राहा."

अनोळखी माणसाशी बोलायचं म्हटलं की मला घाम फुटतो. पण मला फार बोलावंच लागलं नाही. बायाच विचारायच्या. पाणी किती फुटांवर लागतं? शाळा किती लांब? नवरा सेकंड शिफ्ट करून येतो, रस्त्यावर लाइट आहे का?

शेठकडं वेगळे शब्द होते. ते 'अप्रिसिएशन' म्हणायचे, म्हणजे जागेचा भाव पुढं वाढणं. 'रोड टच' म्हणायचे, म्हणजे जमीन डांबरी रस्त्याला लागून आहे. पण जमिनीचं एक टोक रस्त्याला लागलेलं असतं आणि तुमचा प्लॉट पार मागं लिंबाच्या झाडापाशी असतो, हे जाऊन पाहिल्यावरच कळतं. गिऱ्हाइकं पण दोन जातीची. इन्व्हेस्टर म्हणजे प्लॉट घेऊन ठेवणारा, पुढं विकणारा. तो भाव विचारतो. राहणारा पाणी विचारतो. टेंपोतल्या बाया सगळ्या राहणाऱ्या.

मग मी एक करू लागले. प्लॉटच्या रेषा आखायला चुन्याची फक्की असते, तिचं घमेलं मी टेंपोपाशी आणून ठेवायचे. म्हणायचे, "उतरा ना, तुमचं घर आखून बघा." बाया आधी लाजायच्या. मग एकजण उतरायची, मूठभर फक्की घेऊन स्वयंपाकघराची रेष मारायची. दुसरी म्हणायची, "अगं, मोरी तिकडं नको, वारा तिकडून येतो." अर्ध्या तासात प्लॉटवर घर उभं राहायचं, पांढऱ्या रेघांचं. त्या घरात एकदा उभी राहिलेली बाई प्लॉट घेतल्याशिवाय नवऱ्याला सोडत नसे. बुकिंग वाढलं. शेठनं माझा पगार दोन हजारांनी वाढवला.

वनिताताईंनी सतरा नंबरवर असंच घर आखलं होतं. त्या मूळच्या केदारखेड्याच्या. बियाण्यांच्या प्लांटमध्ये बी निवडायला जातात, मालक, म्हणजे त्यांचा नवरा, सळईच्या मिलमध्ये. बारा वर्षं भाड्याच्या एका खोलीत. त्यांनी दोन खोल्या आखल्या, दाराला लागून ओटा आखला आणि ओट्यावर जाऊन बसल्याही. बसल्या बसल्या विचारलं, "मावशी, एनए झालंय ना?"

एनए म्हणजे शेतजमीन आता शेतीची राहिली नाही, तिच्यावर घर बांधायला सरकारनं परवानगी दिली, असा आदेश. तो नसला तर बँक कर्ज देत नाही आणि प्लॉट सरळ नावावरही होत नाही. हे मला आता माहीत आहे. तेव्हा एवढंच माहीत होतं की आमच्या बोर्डावर 'एनए प्लॉट' असं मोठ्या अक्षरात आहे. मी म्हणाले, "झालंय."

बीशी म्हणजे बायांनी दरमहा पैसे टाकायचे आणि पाळीपाळीनं एकीनं सगळे उचलायचे; ती उचलून त्यांनी एक्कावन्न हजार टोकन दिलं. टोकन म्हणजे प्लॉट धरून ठेवायला दिलेली पहिली रक्कम. बाकीचं बँकेच्या कर्जातून द्यायचं होतं. आता कर्ज अडलं होतं.

त्या दिवशी वनिताताई गेल्यावर मी बाहेर जाऊन आमचा बोर्ड पाहिला. 'एनए'च्या खाली बारीक अक्षरात 'प्रस्तावित' लिहिलेलं होतं. मी रोज तिथूनच आत यायचे.

शेठ जेवत होते. मी विचारलं, "शेठ, एनए झालेलं न्हाई का?"

"फाइल टाकेल आहे ना मावशी. होऊन राह्यलंय."

"वनिताताईंचे पैसे परत द्यावं लागतील मंग."

"पावती वाचा. टोकन परत मिळणार न्हाई, असं छापेल आहे."

"पण मी त्यांला झालंय म्हणून सांगितलं."

"तुम्ही काय रजिस्ट्रार हाव का?" ते हसले. "तुमच्या सांगण्यावर कोण चालतं? जेवू द्या."

दोन हजार तर त्यांनी माझ्या सांगण्यावरच वाढवले होते. हे मला घरी गेल्यावर सुचलं. तिथं सुचलं असतं तरी बोलले नसते.

वनिताताई दुसऱ्या दिवशी मालकाला घेऊन आल्या. शेठनं त्यांना पावती दाखवली. जाताना वनिताताई मला म्हणाल्या, "मावशी, बीशीचे पुढचे हप्ते तर मला भरावंच लागतील. प्लॉट न्हाई तरी." त्यांनी मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

पुढच्या रविवारी टेंपोत सात बाया होत्या. सुनेसोबत आलेल्या एका म्हाताऱ्या सासूबाईंनी नाकावरचा चष्मा वर सारून विचारलं, "एनए झालंय का गं?"

मी म्हणाले, "झालेलं न्हाई. फाइल टाकलीय. आदेश यायचाय. कधी येईल ते मला ठाऊक न्हाई."

मी घमेलं खाली ठेवलं, पण कोणी उतरलं नाही. त्या रविवारी एकही बुकिंग झालं नाही.

शेठला ड्रायव्हरनं सांगितलं. शेठ मला म्हणाले, "मावशी, डिझेलचा खर्चा निघाला न्हाई आज. तुम्हाला कोणी विचारलं होतं?"

"सासूबाईंनी विचारलं होतं."

"मंग शेठला विचारा म्हणायचं."

"पुढच्या रविवारपासून मी येत न्हाई, शेठ. झाडलोट करते."

त्यांनी फक्त मान हलवली. मला वाटलं, झाडलोटही जाणार.

गुरुवारी त्याच सासूबाई मुलाला आणि सुनेला घेऊन ऑफिसात आल्या. शेठनं खुर्च्या मांडल्या, मला चहा सांगितला. सासूबाई म्हणाल्या, "चहा ऱ्हाऊ द्या. त्या दिवशी न्हाई म्हणणारी बाई कुठंय? तिला बसवा इथं."

मी ट्रे घेऊन दारात उभी.

"आम्ही चार ठिकाणी फिरलो," त्या शेठला म्हणाल्या. "चारी जागी म्हणले, झालंय. कागद मागितला की उद्या. ही एकटी न्हाई म्हणली. हिच्यावर माझा भरोसा बसला. आम्हाला घाई न्हाई. टोकन देतो, पण पावतीवर लिहा, सहा महिन्यांत एनए न्हाई आलं तर पैसे पूर्ण परत."

शेठ म्हणाले, "आजी, तशी पद्धत न्हाई."

"पद्धत काय देवानं पाडली का? तुम्हीच पाडली ना? बदला मंग."

मुलगा आणि सून खाली बघून हसत होते. शेठनं पेन काढलं. पावतीवरची छापील ओळ खोडली आणि वर नवी ओळ लिहिली. दहा हजार टोकन आलं.

ती मंडळी गेल्यावर मी कप उचलले. मग ते परत टेबलावर ठेवले. म्हणाले, "शेठ, हीच ओळ सतरा नंबरच्या पावतीवर पण लिहा."

"ती जुनी पावती आहे."

"गिऱ्हाईक राहणारंच आहे. आजीसारखंच."

शेठ म्हणाले, "एकदम न्हाई जमणार. पैसा जमिनीत अडकेल आहे."

"हप्त्यानं द्या. त्यांनीबी हप्त्यानंच जमवले."

"अन् रविवारी टेंपोत तुम्ही येता का?"

"येते. पण जे आहे तेच सांगीन."

"सांगा बाई," शेठ म्हणाले. "तेच विकून राह्यलंय आता."

शेठनं बोर्डवाल्याला बोलावून 'प्रस्तावित' शब्द 'एनए'एवढाच मोठा करून घेतला. त्या महिन्यात आणखी तीन बुकिंग झाली, तिन्ही नव्या ओळीवर. टोकन लहान, पण भांडण नाही.

यातून मी एक शिकले. आता मला कोणी काही सांगायला सांगितलं, तर मी आधी कागद मागते. कागद नसला तर कागद नाही, असं सांगते. त्यात लाजायचं काही नाही.

वनिताताईंना पहिल्या महिन्यात पंधरा हजार मिळाले, दुसऱ्या महिन्यात पंधरा, तिसऱ्यात दहा. चौथ्या महिन्यात त्या प्लांटमधून सुटून थेट आल्या, केसांना बियाण्यांची धूळ होती. शेठनं अकरा हजार टेबलावर ठेवले. वनिताताईंनी ते दोनदा मोजले.

"सतरा नंबर कोणाला दिला का?" त्यांनी विचारलं.

"अजून तरी न्हाई," शेठ म्हणाले.

"मंग मावशीला सांगून ठेवते. आदेश आला की मला फोन करा. कागद बघीन, अन् मंगच पैसे देईन."

"बराबर आहे," शेठ म्हणाले. त्यांनी पावतीच्या मागं लिहिलं, 'एक्कावन्न हजार पूर्ण परत दिले.' खाली वनिताताईंनी सही केली, आणि साक्षीदार म्हणून मी.