काम हवंय, शिक्क्यासकट!

काम पटकन मिळालं की त्याचा किस्सा होत नाही. 'लागलं बाई एकदाचं' एवढ्यावर विषय संपतो. आमच्याकडे मात्र किस्से इतके साठलेत, की कुणी नुसतं 'पार्ट टाइम' म्हटलं तरी आम्ही तिघं एकदम बोलायला लागतो.

तिघं म्हणजे मी रेवती, श्रीवर्धनचा इम्तियाज आणि नाशिकची स्नेहा. तिघांचेही वडील कुवेतमध्ये नोकरीला. बारावी झाल्यावर आम्ही त्यांच्याकडे आलो आणि इथल्या एका खासगी कॉलेजात बिझनेस मॅनेजमेंटला अॅडमिशन घेतली. कॉलेजच्या कागदोपत्री आम्ही 'इंटरनॅशनल स्टुडंट'. ऐकायला काय भारी वाटतं!

पण कॉलेजचा एक नियम आहे. शेवटच्या सेमिस्टरआधी कुठेतरी तीन महिने पार्ट टाइम काम करायचं आणि तसं पत्र आणायचं, खाली शिक्का हवाच. पत्र नाही तर शेवटचं सेमिस्टर नाही. माझ्या बाबांचं कॉन्ट्रॅक्ट त्याच वर्षी संपत होतं, त्यानंतर आमचं बिऱ्हाड चिपळूणला. म्हणजे पत्र चुकलं तर माझी डिग्री अर्धवटच राहणार होती.

*

पहिली जाहिरात मला सापडली ती एका कपड्यांच्या दुकानाची. 'पार्ट टाइम, विद्यार्थ्यांना प्राधान्य.' मी इस्त्रीचा कुर्ता घालून गेले. मॅनेजर हैदराबादचे, बोलायला अगदी गोड.

"सुबह नौ से एक, फिर शाम को चार से नौ."

मी बोटांवर मोजलं. "सर, ये तो नौ घंटे हो गए!"

"तो क्या हुआ? बीच में तो घर पे ही हो ना!"

*

इम्तियाजला एका ऑफिसात जवळजवळ घेतलंच होतं. शेवटचा प्रश्न आला, "लायसन्स आहे? बाहेरची कामं असतात." नव्हतं. गडी लगेच लायसन्सच्या चौकशीला गेला. तिथे खिडकीतल्या क्लार्कने विचारलं, "नोकरी कुठे करता?"

इम्तियाज परत ऑफिसात गेला. ते म्हणाले, आधी लायसन्स. पुन्हा खिडकीपाशी गेला. ते म्हणाले, आधी नोकरी. जूनचं ऊन, बसची वाट बघून बघून पोराचा चेहरा काळवंडला. शेवटी तो वैतागून म्हणाला, "मग मी आता नक्की कुठे उभा राहू, तेवढं तरी सांगा!"

क्लार्कला दया आली असावी. तो म्हणाला, "सावलीत."

*

माझी पाळी आली ओळखीच्या पाटणकर काकूंच्या घरी. पाटणकर काकांची स्वतःची कंपनी आहे, म्हणजे शिक्का घरातच! काकू म्हणाल्या, "अगं, काकांशी मी बोलते. पण आधी आमच्या आर्याला जरा मराठी शिकव. इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात तिचं भाषण आहे."

आर्या नऊ वर्षांची. मी मराठीत विचारायचं, तिने इंग्रजीत उत्तर द्यायचं. "तुझं आवडतं फळ कोणतं?" "मँगो, बट ओन्ली द हापूस." महिनाभर मी घसा कोरडा केला. कार्यक्रमाच्या दिवशी पोरगी अशी काही बोलली, की लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खरंच सांगते.

शेजारी काकू सगळ्यांना सांगत होत्या, "आम्ही घरात मराठीच बोलतो ना, त्याचा परिणाम!"

दुसऱ्या दिवशी मी भीत भीत नोकरीचं विचारलं. काकू म्हणाल्या, "विचारलं गं मी काकांना. पण ते म्हणाले, ऑफिसात मराठीचं काही काम नसतं."

*

इम्तियाजला शेवटी शहराबाहेर, वफ्राला एका फार्मवर काम मिळालं. थंडीत तिकडे कुटुंबं फिरायला येतात, स्ट्रॉबेरी तोडतात, फोटो काढतात. 'ऑफिस असिस्टंट' असं ठरलं होतं. प्रत्यक्षात एक खुर्ची, एक छत्री आणि एक शेळी. शेळीने पाहुण्यांची पर्स खाऊ नये, एवढंच बघायचं.

तीन महिने त्याने ते इमानदारीने केलं. शेवटच्या दिवशी पत्र मागितलं, तर मुकादमाने भाजीच्या खोक्यांवर मारायचा शिक्काच त्यावर उमटवला. पत्राखाली पानाएवढा टोमॅटो!

आम्ही हसून हसून लोळलो. कॉलेजने मात्र ते मुकाट्याने घेतलं. तिथला क्लार्क म्हणाला, "शिक्का आहे ना? मग झालं."

*

आणि खोत काका! जहराला झेरॉक्सचं दुकान सांभाळतात, मूळचे आमच्या चिपळूणकडचेच. मी आणि स्नेहा आशेने गेलो. काकांनी ड्रॉवर उघडला. आत पत्रांचा गठ्ठा, सगळी टाइप केलेली, शिक्का मारलेली, फक्त नावाची जागा रिकामी.

"घे. नाव घाल आणि जा. चहा घेणार?"

"काका, मला पत्र नकोय, काम हवंय."

काका भडकले. "काम? अगं, दुकानात काम असतं तर मी बसून पेपर वाचला असता का?"

स्नेहाने पत्र घेतलं. त्यातलं पहिलंच वाक्य होतं, 'ही अतिशय प्रामाणिक मुलगी आहे.' मला मात्र ते घेववेना. घरी आले तर आई म्हणाली, "तत्त्वं नंतर पाळ, आधी डिग्री घे." दोन दिवस मी आईशी बोलले नाही. तिचं चुकलं होतं असं नाही, पण मी इतकी दारं झिजवली ती काय ड्रॉवरमधलं पत्र आणायला?

*

मला काम मिळालं ते चिडल्यामुळे. कुवेत सिटीत अबू फहद नावाच्या म्हाताऱ्या गृहस्थांचं, बंदरातून माल सोडवून देण्याचं ऑफिस आहे. इथल्या जुन्या लोकांसारखं त्यांना हिंदी येतं. चार दिवस ते मला रोज 'बुकरा', म्हणजे उद्या ये, एवढंच सांगत होते. पाचव्या दिवशी मी म्हणाले, "कल आपने बोला था बुकरा. आज बुकरा है!" ते खो खो हसले आणि एक खुर्ची सरकवली.

तीन महिने मी तिथे फायली लावल्या. पत्र त्यांनी स्वतःच्या हाताने अरबीत लिहिलं, वर शिक्का. शेवटची तारीख होती त्या गुरुवारी मी ते कॉलेजच्या मॅडमपुढे ठेवलं. मॅडम इजिप्तच्या. त्या इंग्रजीत अर्थ लावत मोठ्याने वाचायला लागल्या आणि त्यांच्या भुवया वर वर जायला लागल्या.

'ही मुलगी हट्टी आहे. चहा वाईट करते. माझ्याशी दोनदा भांडली. दोन्ही वेळा तिचंच बरोबर होतं.'

"असं पत्र कुणी देतं का?" मॅडम म्हणाल्या. "मेहनती, वेळेवर येणारी, असं लिहितात. हे तू बाहेर कुणाकडून लिहून घेतलंस?"

मला रडू फुटायच्या बेतात होतं. ड्रॉवरमधली खोटी पत्रं पास आणि माझंच खोटं! मी म्हणाले, "फोन लावा त्यांना. आत्ता लावा."

मॅडमनी फोन स्पीकरवर टाकला. "तुमच्याकडे रेवती नावाची मुलगी खरंच कामाला होती का?"

तीन महिन्यांत मला जेवढं अरबी कळायला लागलं होतं, तेवढं या उत्तराला पुरेसं होतं. अबू फहद ओरडलेच, "कुठे आहे ती? टाइल्सच्या कंटेनरची फाइल सकाळपासून सापडत नाहीये!"

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं.

"डावीकडचं कपाट, वरून दुसरा कप्पा, निळी फाइल," मी म्हणाले.

मॅडमनी ते अरबीत सांगितलं. पलीकडे सपातांचा आवाज आला, कपाटाचं दार करकरलं, कागद सळसळले. मग "मिळाली!" आणि फोन बंद. आभार नाहीत, निरोप नाही, काही नाही.

मॅडमनी फोन बाजूला ठेवला. मग त्यांनी पत्र जवळ ओढलं, त्यावर सही केली आणि आवाज खाली आणून मला विचारलं, "त्यांच्याकडे अजून एखादी जागा असेल का गं? माझा मुलगा गेले तीन महिने शोधतोय."